गोळी लपवली, पूडही लपवली

महाविद्यालयाच्या वार्षिकांकात 'युवक आणि व्यसनाधीनता' या विषयावर दरवर्षी एक तरी लेख असतोच. बहुधा तो 'आजचा तरुण कोठे चालला आहे?' या प्रश्नाने सुरू होतो आणि 'चला, शपथ घेऊ या' येथे संपतो. प्रथम वर्षाला असताना मीही असा निबंध लिहून दुसरा क्रमांक मिळविला होता. आज तसा निबंध माझ्याने लिहवणार नाही. गेल्या मे महिन्यात अकोल्याच्या एका दवाखान्यातील बाकावर मी अर्धा तास गप्प बसलो होतो. त्या अर्ध्या तासाविषयी लिहायचे तर विषय जरा निराळ्या बाजूने धरावा लागेल.

आम्ही तिघे अमरावतीला एका खोलीत राहत होतो. तिघेही अकोला जिल्ह्यातले, तिघांच्याही घरी कापूस-सोयाबीनची शेती. आमच्यातला एक जण दुसऱ्या वर्षाच्या निकालानंतर खचला. रात्र रात्र जागायचा, डबा तसाच परत जायचा, आंघोळीचेही भान राहिले नाही. त्याच्या मामांनी त्याला मनोविकारतज्ज्ञांकडे नेले. तेथून एस्सिटॅलोप्रॅम नावाची गोळी सुरू झाली आणि महिन्या-सव्वा महिन्यात पोरगा माणसात आला. या गोष्टीवर मी मुद्दाम जोर देतो, कारण पुढील मजकूर वाचून कोणी 'पाहा, या गोळ्याच वाईट' असा अर्थ काढील. गोळीने त्याला उठविले होते.

परंतु ती गोळी तो स्वेटरच्या घडीत लपवून ठेवी. मे महिन्यात स्वेटरला कोण हात लावतो? मला ती पट्टी योगायोगाने दिसली तेव्हा त्याने माझा हात धरला. "आईची आन आहे तुले, कोनाले सांगू नोको. डोक्याच्या गोळ्या खाते म्हनतीन." आमच्या भागात खर्र्याची पुडी खिशातून उघड काढून चार जणांत वाटता येते. दारू प्यालेला पोरगा दुसऱ्या दिवशी त्याचे किस्से सांगतो. मनाच्या आजाराची गोळी मात्र चोरासारखी गिळावी लागते. हे वाक्य लिहिताना मला हसूही येते आणि रागही येतो.

आता दुसऱ्या वस्तूकडे वळतो. तिचे शास्त्रीय नाव मेफेड्रोन. पोरांच्या तोंडी 'एमडी'. ही पांढरट पूड प्रयोगशाळेत तयार होते आणि तिची जात उत्तेजकांची, म्हणजे एक्स्टसी, कोकेन वगैरेंच्या जवळची. २०१५ साली तिचा समावेश अमली पदार्थविरोधी कायद्यात झाला. त्यानंतर ती कमी झाली असे म्हणावे, तर २०२३ च्या ऑक्टोबरात नाशिकजवळच्या शिंदे गावात तिचा कारखाना सापडला आणि २०२४ च्या फेब्रुवारीत पुणे जिल्ह्यातील कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीचे नाव देशभर गेले. त्या एका प्रकरणात पोलिसांनी हजार किलोहून अधिक माल पकडला. मुंबई-पुण्याच्या पोरांचे हे चोचले, असे आपण वऱ्हाडात बसून म्हणत होतो. अमरावती-अकोला महामार्गाचा ७५ किलोमीटरचा पट्टा २०२२ च्या जूनमध्ये १०५ तास ३३ मिनिटांत डांबरून आपण जागतिक विक्रम केला, त्याचा अभिमान मलाही आहे. पण गुळगुळीत रस्त्यावरून काय काय येते, हे रस्ता विचारीत नाही. एमडी पकडल्याच्या बातम्या आता आपल्या दोन्ही शहरांच्या पानांवर असतात.

ही पूड आणि ती गोळी एकत्र आल्या की काय होते, हे आम्हांला कोणीच सांगितले नव्हते. मी नंतर डॉक्टरांना विचारून आणि वाचून जे समजून घेतले ते साध्या शब्दांत मांडतो.

मेंदूतील पेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी जी रसायने सोडतात, त्यांतले एक सिरोटोनिन. निरोप देऊन झाला की ते एका दारातून आपल्या पेशीत परत जाते. एस्सिटॅलोप्रॅम, फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन या गोळ्या त्या दारात उभ्या राहतात. त्यामुळे सिरोटोनिन बाहेर अधिक वेळ राहते आणि काही आठवड्यांत मन हळूहळू सावरते. मेफेड्रोन आणि एक्स्टसी त्याच दारातून आत घुसतात व साठवलेला माल धक्के मारून बाहेर काढतात. म्हणजे दोघांचेही काम एकाच दाराशी. दारात गोळी उभी असली की पुडीला आत जायला वाट मिळत नाही. मग नेहमीची 'मजा' येत नाही, आणि पोरगा समजतो की माल भेसळीचा आहे. तो दुप्पट घेतो. पण हृदयाचे ठोके वाढविणारे, रक्तदाब चढविणारे, अंग तापविणारे पुडीचे जे काम, ते सगळे काही या एका दारावर अवलंबून नाही. ते चालूच राहते. मजा अर्धी आणि धोका दुप्पट, असा हा व्यवहार आहे.

शिवाय फ्लुओक्सेटिन आणि पॅरॉक्सेटिन या गोळ्या यकृतातील ज्या विकराला रोखतात, त्याच विकराकडे ही उत्तेजके मोडण्याचे काम असते. ते थांबले की पूड रक्तात जास्त राहते. ज्याने कालपर्यंत जेवढे घेतले आणि निभावले, तेवढेच गोळी सुरू झाल्यावर निभावेल याची काहीच खात्री नाही.

सर्वांत भयंकर जोडी मात्र जुन्या वर्गातील औषधांशी होते. सिरोटोनिन व त्याच्या भावंडांना मोडणारे जे विकर शरीरात असते, त्यालाच बंद पाडणारी ही औषधे. त्यांचा शोध गमतीचा आहे. १९५० नंतरच्या काळात अमेरिकेत क्षयाच्या रुग्णांना आयप्रोनियाझिड दिले, तर फुप्फुसांचे राहो, रुग्णच उल्हसित झाले. त्यातून नैराश्यावरील पहिल्या औषधांपैकी एक हाती आले. पुढे लक्षात आले की ही औषधे घेणाऱ्याने मुरलेले चीज खाल्ले तरी रक्तदाब जिवावर बेतेल इतका चढतो. जेथे चीजचा तुकडा चालत नाही तेथे उत्तेजक पूड कशी चालेल? याच वर्गातील मोक्लोबेमाइड आणि एक्स्टसी एकत्र घेतल्याने युरोपात तरुण मेलेले आहेत. ही औषधे आपल्याकडे आता क्वचितच लिहून देतात. परंतु बळावलेल्या क्षयावर आज जे लिनेझोलिड देतात, त्यातही हा गुण थोडा आहे, आणि विदर्भात क्षयाचे रुग्ण काही कमी नाहीत.

आपल्या सरकारी दवाखान्यांत स्वस्त म्हणून अ‍ॅमिट्रिप्टिलिन, इमिप्रामिन अजूनही मिळतात. त्यांची तऱ्हा आणखी वेगळी. त्या हृदयाच्या ठोक्यांच्या लयीवर परिणाम करतात आणि घाम कमी करतात. उत्तेजक पूड अंग तापविते, ठोके पळविते. अकोल्याचा मे महिना ४५ अंशांच्या पुढे जातो हे आपणांस ठाऊक आहे. अशा हवेत ज्याला घामच नीट येत नाही, त्याने पूड ओढून डीजेसमोर तीन तास नाचणे म्हणजे काय, याची कल्पना ज्याची त्याने करावी.

आमच्या मित्राचे नाचणेही असेच एका वरातीतले. वर्गमित्राच्या भावाचे लग्न अकोल्याला होते. कोणीतरी त्याला आधीच सांगून ठेवले होते की गोळ्या चालू असल्या की एमडी चढत नाही, म्हणून दोन दिवस गोळी गाळ. (म्हणजे मला एकट्यालाच गुपित माहीत होते असे नाही, पूड देणाऱ्यालाही होते. त्याला ते सांगता आले, डॉक्टरांना नाही!) त्याने गोळी गाळली. "दोन दिवसानं काही होत नाही बे," असे तो मला म्हणाला आणि मी ते ऐकून घेतले. होते ते उलटे. एस्सिटॅलोप्रॅम रक्तातून निम्मे व्हायलाच साधारण सव्वा दिवस लागतो. फ्लुओक्सेटिनचा अंश तर काही आठवडे राहतो. म्हणजे दोन दिवस गाळून गोळी दारातून पुरती हटत नाही. आणि एकाएकी थांबविल्याने चक्कर, चिडचिड, झोपमोड, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखी संवेदना, हे मात्र सुरू होऊ शकते. दोन्ही बाजूंनी तोटा.

पहिल्यांदा ओढून काही झाले नाही म्हणून त्याने पुन्हा ओढली. मग आणखी एकदा. रात्री बाराच्या सुमारास तो मांडवामागे बसलेला आढळला. जबडा घट्ट, डोळे विस्फारलेले, सदरा पाण्यात बुचकळल्यासारखा ओला. पाय असे थडथडत होते की खाली ठेवलेला स्टीलचा ग्लास वाजत होता. आम्ही समजलो, दारू जास्त झाली. लिंबूपाणी पाजले, कूलरसमोर बसविले, कोणीतरी तापाची साधी गोळी दिली. ती निरुपयोगी होती हे नंतर कळले. हा ताप जंतूंचा नसतो, स्नायू सतत आखडत राहिल्याने अंग तापते, त्यावर तापाची गोळी चालत नाही. एक वाजता तो असंबद्ध बोलू लागला तेव्हा ऑटोत घालून दवाखान्यात नेले. ताप १०४ होता.

डॉक्टर आमच्याहून सात-आठ वर्षांनीच मोठे असतील. त्यांनी विचारले, "काय घेतलंय याने?" आमचा तिसरा सोबती म्हणाला, "काही नाही सर, थोडी दारू." मी काहीच म्हणालो नाही. पूड ओढली हे मला त्या वेळी अंधुक माहीत होते, गोळीचे पक्के माहीत होते. पोलीस येतील, घरी कळेल, आणि आईची आन. या तिन्हींत मला सर्वांत जड काय वाटत होते हे मी प्रामाणिकपणे सांगू शकत नाही. अर्धा तास गेला. डॉक्टर पुन्हा बाहेर आले आणि माझ्याकडेच पाहून म्हणाले, "पोलिसांचं नंतर बघू. मला नावं सांगा. नाहीतर मीच चुकीचं इंजेक्शन देईन."

मी सांगितले.

ते 'चुकीचे इंजेक्शन' म्हणजे धमकी असावी असे मला तेव्हा वाटले. नंतर न्यूयॉर्कच्या लिबी झायन या मुलीविषयी वाचले. वय १८, महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाला. नैराश्यावर फेनेल्झिन हे औषध चालू होते. १९८४ च्या मार्चमध्ये ताप आणि अंगाची थरथर घेऊन ती इस्पितळात दाखल झाली, तेथे तिला पेथिडीनचे इंजेक्शन दिले गेले आणि काही तासांतच ती गेली. ही दोन औषधे एकत्र द्यावयाची नसतात. तिचे वडील पत्रकार होते, त्यांनी प्रकरण सोडले नाही. त्यातून १९८९ साली न्यूयॉर्क राज्यात शिकाऊ डॉक्टरांच्या कामाचे तास आठवड्याला ८० पर्यंत मर्यादित झाले. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना हे प्रकरण त्यासाठी माहीत असते. परंतु १९९५ च्या खटल्यात ज्यूरीने दोषाचा अर्धा वाटा त्या मेलेल्या मुलीवरही टाकला, कारण तिने कोकेन घेतल्याचे डॉक्टरांना सांगितले नाही, असे त्यांचे मत पडले. तिच्या वडिलांना ते कधीच मान्य झाले नाही. खरे काय ते आपण येथून ठरवू शकत नाही. पण तापाने फणफणलेल्या अठरा वर्षांच्या मुलीने अनोळखी डॉक्टरला सगळे खरे सांगावे, ही अपेक्षा जेवढी रास्त तेवढीच अवघड आहे, हे मला त्या बाकावर बसून कळले होते.

मित्राला गार कपड्यांत गुंडाळले, सलाइन लावले, झटके शमविणारी इंजेक्शने दिली. या अवस्थेवर एक औषध सायप्रोहेप्टाडिन हे आहे, म्हणजे आपल्याकडे लेकरांची भूक वाढावी म्हणून ज्याचे सिरप आणतात तेच. अर्थात ते घरी पाजून भागण्यासारखा हा प्रकार नव्हे. तिसऱ्या दिवशी तो उठून बसला. सगळेच उठत नाहीत.

म्हणून जे दिसते ते येथे नोंदवून ठेवतो: अस्वस्थपणा, भरपूर घाम, वाढता ताप, धावणारी नाडी, मोठ्या झालेल्या बाहुल्या, जुलाब, हातापायांची, विशेषतः पायांची थरथर आणि आखडलेले स्नायू. बहुधा काही तासांतच हे सुरू होते. असे दिसले की झोपवून ठेवू नये, दाबून धरू नये, गार करीत दवाखान्यात न्यावे आणि दोन्ही नावे सांगावीत. खोकल्याच्या काही औषधांतील डेक्स्ट्रोमेथॉर्फन आणि दुखण्यावरचे ट्रॅमाडॉल हीसुद्धा या आगीत तेल ओततात. तेव्हा मेडिकलवाल्याला विचारून काही देऊ नये.

आणखी एक गोष्ट, जी तापमापीत दिसत नाही. पुडीचा अंमल उतरल्यावर दोन-तीन दिवस मन खोल जाते. ज्याचे मन आधीच आजारी आहे आणि ज्याने गोळीही गाळली आहे, त्याचे ते दोन-तीन दिवस कसे जात असतील? आपल्या वऱ्हाडात या प्रश्नाचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. दवाखान्यातून आल्यावर आम्ही दोघांनी पाळी लावून त्याच्याजवळ झोपायचे ठरविले. १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर फोनही केला; तेथे मराठीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत.

आता प्राध्यापक महोदयांसाठी दोन शब्द. उद्धटपणाबद्दल क्षमा असावी.

दरवर्षी २६ जूनच्या सुमारास आपण रॅली काढतो, फलक रंगवितो, आणि उजवा हात पुढे करून 'मी आयुष्यात कधीही' अशी शपथ घेतो. त्या रांगेत माझा मित्रही उभा होता. त्याची शपथ मोडली तेव्हा त्याच्या गुपितात एकाची भर पडली, एवढेच झाले. एका सरांना मी हे बोललो तेव्हा ते म्हणाले, "अरे, कशात काय मिसळू नये हे सांगत बसलो तर पोरांना वाटेल, न मिसळता घेतलं तर चालतं." सरांची शंका चुकीची नाही. मी त्यावर पुष्कळ विचार केला. पण शेतात फवारणी करताना वाऱ्याची दिशा पाहा, तोंडाला फडके बांधा, असे सांगणारा माणूस विष प्यायला शिकवीत नसतो. २०१७ मध्ये यवतमाळला फवारणीत शेतकरी-शेतमजूर मेले, तेव्हा 'त्यांना कोणी सांगितलेच नाही' म्हणून आपणच हळहळलो होतो. ज्या वर्गात साठ मुले बसतात, तेथे मनाच्या आजाराची गोळी घेणारा एखादा तरी असेल, आणि त्याला कोणी ना कोणी पुडी पुढे करणारा भेटेल. त्या दोघांची गाठ पडण्याआधी त्याला कळावे की नाही?

गाडगेबाबा ज्या मातीतले, त्या मातीतले आपण. बाबा कीर्तनात प्रश्न विचारीत, लोकांकडून उत्तर काढून घेत. आपण शपथ देतो, म्हणजे उत्तर आधीच तयार असते आणि विचारायला काही उरत नाही.

पोलिसांची भीती ही दुसरी गोष्ट. ती निराधार आहे असे मी म्हणणार नाही. अशा प्रसंगी दवाखान्यातून पोलिसांना कळविले जाऊ शकते. पण त्याच १९८५ च्या कायद्यात कलम ६४-अ आहे. व्यसनी माणूस स्वेच्छेने उपचाराला गेला व ते पुरे केले, तर सेवन किंवा अल्प प्रमाणातील मालाबद्दल त्याच्यावर खटला चालत नाही. हे आम्हांला राज्यशास्त्राच्या तासालाही कोणी सांगितले नाही, आणि पुडी विकणाऱ्याने सांगण्याचे तर कारणच नाही.

मित्राची आई दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीने आली. तिला गोळीचेही माहीत नव्हते, पुडीचेही नाही. दोन्ही एकदमच कळले. ती रडली ती गोळीसाठी. "एवढं दुखत होतं त मले काऊन नाही सांगतलं रे?" पुडीबद्दल तिने त्याला रागावले, ते दोन महिन्यांनी, तो बरा झाल्यावर, आणि चांगलेच.

तो आता पुन्हा वर्गात आहे. हा लेख त्याने छपाईला देण्याआधी वाचला असून दोन ठिकाणी माझे तपशील दुरुस्त केले आहेत. गोळीची पट्टी आता खिडकीत, आरशाजवळ असते. आमची एक मागणी आहे. ग्रंथालयात एक बंद पेटी ठेवावी, तिच्यात नाव न घालता कोणीही चिठ्ठी टाकावी, आणि महिन्यातून एक तास एखाद्या मनोविकारतज्ज्ञांनी येऊन त्या चिठ्ठ्यांना उत्तरे द्यावीत. ग्रंथपाल मॅडमनी पेटीसाठी जागा दाखविली आहे. पहिल्या पाच चिठ्ठ्या आमच्याजवळ तयार आहेत; त्यांतील दोन आमच्या नाहीत, कोणी तरी खोलीच्या दाराखालून सरकवून गेले आहे.